मधल्या वजनाची मोटारसायकल चाकणलाच का बनते?

कोपर स्टेशनच्या पूर्वेला एका गॅरेजसमोर आम्ही परवा थोडा वेळ बसलो होतो. एक तरुण आपली नवी ट्रायम्फ घेऊन आला. वयस्कर उस्तादांना म्हणाला, "चाचा, जरा संभाळून, इंग्लंडची गाडी आहे." उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हसून म्हणाले, "बेटा, नाव इंग्लंडचं आहे, गाडी चाकणची आहे. इथून निघालास तर तीन-चार तासांत कारखान्याच्या फाटकाशी पोहोचशील."

उस्ताद म्हणाले ते खरे आहे. पण तो तरुण गेल्यावर त्यांनी आम्हांला जो प्रश्न विचारला तो जास्त मोलाचा होता. ऑस्ट्रियाची केटीएम, इंग्लंडची ट्रायम्फ, जर्मनीची बीएमडब्ल्यू, अमेरिकेची हार्ले, हे सगळे आपापला देश सोडून इथे का येतात? आणि आले तर चाकण, होसूर, नीमराणा इथेच का? आमच्या ठाण्या-कल्याणात का नाही? आमचे अनेक वाचक गॅरेज, लेथ, वेल्डिंग, सीट कव्हर, सुटे भाग या धंद्यांत आहेत. गाडी कुठे बनते यावर सुटे भाग कुठून येतील, कोणत्या दराने येतील आणि जॉबवर्क कोणाच्या पदरात पडेल हे ठरते. म्हणून या प्रश्नाला एक आठवडा द्यायचे आम्ही ठरवले.

आधी मधले वजन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी ही पोटापाण्याची गाडी. दूधवाला, फेरीवाला, कुरिअरवाला तीच चालवतो. हजार सीसीच्या पुढची गाडी हा श्रीमंतांचा शौक. या दोहोंच्या मध्ये साधारण अडीचशे ते आठशे सीसीचा पट्टा आहे. यातही दोन मजले आहेत. ३५० ते ४५० सीसीचा खालचा आणि साडेसहाशे ते आठशेचा वरचा. युरोपात २०१३ पासून परवान्याचे नियम असे आहेत की नव्या चालकाला काही वर्षे ३५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपेक्षा, जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीची ४०० सीसीची गाडी त्या परवान्यात नेमकी बसते. म्हणजे एकच गाडी पुण्याच्या हौशी तरुणाला मोठी वाटते आणि जर्मनीतल्या तरुणाला पहिली गाडी म्हणून चालते. दोन बाजारांचा मेळ एका इंजिनात बसला आणि इथूनच सगळी गोष्ट सुरू झाली.

आता साच्याचा हिशेब. डाय-कास्टिंगच्या कामातल्या आमच्या बांधवांना हे नवे नाही, तरी इतरांसाठी मांडतो. समजा, इंजिनाच्या केसिंगचा साचा तयार करायला ४० लाख रुपये लागले. चार हजार नग काढले तर प्रत्येक नगावर साच्याचा खर्च हजार रुपये पडतो. चार लाख नग काढले तर दहा रुपये. मजुरीतला फरक असतोच, पण खरी बचत या भागाकारात आहे. ऑस्ट्रियात किंवा इंग्लंडमध्ये चारशे सीसीच्या गाडीचे एवढे नग खपत नाहीत. जिथे वर्षाला कोट्यवधी दुचाक्या विकल्या जातात, तिथे साचा, चेन, ब्रेक, वायरिंग बनवणारे कारखाने आधीच उभे असतात. परदेशी कंपनी तिथे येते ती मुख्यतः या तयार माणसांसाठी आणि यंत्रांसाठी येते. नुसती स्वस्त मजुरी हवी असती तर ती जगात अनेक ठिकाणी मिळते.

चाकणमध्ये ही माणसे कशी जमली? बजाज ऑटोने आकुर्डीत स्कूटर बनवली, १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना काढला. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) वाळूजच्या भोवती सुटे भाग पुरवणारे उभे राहिले. त्यांतले दोन आज मोठे झाले आहेत: १९८५ ची एन्ड्युरन्स आणि १९९० ची व्हॅरॉक. या दोन्हींचे मालक जुळे भाऊ आहेत आणि राहुल बजाज यांचे भाचे. नातेसंबंधाने दार उघडले हे खरे, पण पुढची पस्तीस वर्षे माल वेळेवर आणि मापात दिल्याशिवाय कोणी टिकत नाही. पुढे बजाजने चाकणला कारखाना काढला. २००१ साली आलेली पल्सर तिथलीच. चाकण त्या वेळी पालिकेच्या हद्दीबाहेर होते, त्यामुळे आकुर्डीसारखी जकात तिथे नव्हती. जकात नाक्यावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल. पुढे मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र असे मोठे कारखानेही चाकणात आले आणि कास्टिंग, फोर्जिंग, प्रेस, रंगकाम सगळे हाकेच्या अंतरावर आले. न्हावाशेवाचे बंदर एका दिवसाच्या ट्रकफेरीत.

कर कारखान्याला कसा ओढून नेतो, त्याचा दुसरा दाखला २००७ चा आहे. त्या वर्षी बजाजने उत्तराखंडात पंतनगरला कारखाना सुरू केला, कारण तिथे अबकारी करात सूट होती. त्याच वर्षी आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबले. हजारो संसार ज्या भोंग्यावर चालत होते तो बंद झाला. आकुर्डीत पुन्हा वाहन बनू लागले ते २०१९ नंतर, तेही विजेवरची चेतक.

आमच्या भागाची याच्या उलट कहाणी आहे आणि ती विसरता येत नाही. डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९४ च्या सुमारास तिथे फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ ही मोटार बनू लागली. कोपर-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत तेव्हा आशा पालवली होती. काही वर्षांतच तो कारखाना बंद पडला. आज त्या परिसरात टोलेजंग इमारती आहेत. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखाना होता, तोही गेला. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जमिनीचा भाव इतका चढला की यंत्र चालवण्यापेक्षा जमीन विकणे फायद्याचे झाले. कारखान्याला पसरायला जागा लागते आणि त्याच्या भोवतीच्या लहान पुरवठादारालाही स्वस्त गाळा लागतो. तो गाळा आमच्याकडे उरला नाही. उस्तादांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके साधे आहे.

केटीएमकडे येऊ. नोव्हेंबर २००७ मध्ये बजाजने या ऑस्ट्रियन कंपनीचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. ठरले असे की मोठी इंजिने ऑस्ट्रियातल्या मात्तिगहोफेनला आणि लहान इंजिने चाकणला बनतील. २०११ पासून १२५ सीसीची ड्यूक चाकणहून युरोपात जाऊ लागली. जानेवारी २०१२ मध्ये आपल्याकडे २०० ची ड्यूक आली, २०१३ मध्ये ३९० ची. १२५, २०० आणि ३९० या तिघींच्या चासीत आणि इतर अनेक भागांत साम्य ठेवले होते. म्हणजे पुन्हा तोच साच्याचा भागाकार. त्याच ३७३ सीसी इंजिनाच्या कुळातून २०१६ च्या अखेरीस बजाजची डोमिनार निघाली. हस्कवर्ना नावाच्या गाड्याही पुढे चाकणला आल्या. जानेवारी २०२३ मध्ये चाकणने दहा लाखावी केटीएम बाहेर काढली. ऑस्ट्रियाच्या एका खेड्यात एवढ्या लहान गाड्या कधीच निघाल्या नसत्या.

वरच्या मजल्याचे मात्र वेगळे झाले. ७९० सीसीच्या ड्यूकसाठी केटीएम चाकणला आली नाही. तिने चीनच्या हांगझौमधील सीएफमोटो या भागीदाराकडे ते काम दिले. यावरून एक गोष्ट दिसते. चाकणचे कौशल्य चारशे सीसीपर्यंत पक्के झाले, पण दोन सिलिंडरच्या साडेसातशे-आठशे सीसीच्या गाडीला भारतात गिऱ्हाईक थोडे आहे आणि घरच्या गिऱ्हाइकाशिवाय ओळ टाकायला कोणी धजत नाही. या वरच्या मजल्याचे जगातले मोठे ठाणे थायलंड झाले. ट्रायम्फचे कारखाने तिथे चोनबुरी प्रांतात २००२ पासून आहेत. होंडाच्या ५०० सीसीच्या गाड्या, कावासाकी, ड्युकाटी, बीएमडब्ल्यू सगळे थायलंडात आहेत. जपानी कंपन्यांनी तिथे आधीच पुरवठादार तयार केले होते, बंदर जवळ होते आणि आग्नेय आशियाचा जकातमुक्त बाजार समोर होता. २०१८ साली अमेरिकेशी झालेल्या भांडणात युरोपने अमेरिकी मोटारसायकलवरची जकात ६ वरून ३१ टक्के केली, तेव्हा हार्लेनेही युरोपसाठीच्या गाड्या अमेरिकेबाहेर बनवण्याचा निर्णय घेतला आणि थायलंडच्या कारखान्याचे महत्त्व वाढले. २०२० साली ट्रायम्फने जाहीर केले की मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्या थायलंडला जातील, इंग्लंडच्या हिंकलीत आरेखन आणि थोडक्या खास गाड्या राहतील. इंग्रजांच्या देशातून इंग्रजी मोटारसायकल अशी हळूहळू निघून गेली.

खालचा मजला ट्रायम्फने बजाजला दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये भागीदारीची घोषणा झाली, जानेवारी २०२० मध्ये पुण्यात करारावर सह्या झाल्या, आणि जुलै २०२३ मध्ये ३९८ सीसीची स्पीड ४०० दोन लाख तेहतीस हजारांना बाजारात आली. त्याआधी भारतात सर्वांत स्वस्त ट्रायम्फ सात लाखांच्या आसपास होती. आराखडा इंग्लंडचा आणि घडण चाकणची, यामुळे किंमत एका फटक्यात एक तृतीयांशावर आली. कोपरच्या गॅरेजमध्ये ट्रायम्फ दिसू लागली ती यामुळेच.

इतरांचे थोडक्यात सांगतो. बीएमडब्ल्यूने २०१३ साली टीव्हीएसशी करार केला आणि तिची ३१० सीसीची गाडी तामिळनाडूतल्या होसूरला बनली. रॉयल एनफिल्डची गोष्ट तर सर्वांत जुनी. १९५५ च्या सुमारास मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला तिचा कारखाना सुरू झाला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी संपली, मद्रासची शाखा जगली, आणि आज तीच खोड आहे. २०१८ साली तिने ६५० सीसीची दोन सिलिंडरची गाडी चेन्नईजवळच बनवून दाखवली. २०२४-२५ या वर्षात तिने दहा लाखांवर गाड्या विकल्या. परदेशी भागीदाराशिवाय हे झाले, म्हणून आम्हांला त्याचे जास्त कौतुक आहे.

फसलेला व्यवहारही पाहायला हवा. हार्लेने हरियाणात बावलला २०११ मध्ये कारखाना काढला आणि २०१४ पासून ७५० सीसीची स्ट्रीट तिथे बनवली. खप वर्षाला काही हजारांपुढे गेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. मग हार्लेने हीरोचा हात धरला आणि २०२३ मध्ये ४४० सीसीची गाडी हीरोच्या राजस्थानातल्या नीमराणा कारखान्यातून काढली. स्वतःची इमारत बांधण्यापेक्षा भारतीय कारखानदाराची चालू ओळ वापरणे हार्लेला शहाणपणाचे वाटले. जुन्या मिस्त्रींना राजदूत ३५० आठवत असेल. यामाहाच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती काढली. वाऱ्यासारखी पळायची, पण पेट्रोल पिणारी आणि सुट्या भागांना महाग. काही वर्षांत ती बंद झाली. आज तीच गाडी हौशी लोक शोधत फिरतात आणि तिचे इंजिन बांधणाऱ्या उस्तादाला तोंडमागी मजुरी मिळते. गाडी वेळेच्या आधी आली एवढाच तिचा गुन्हा!

सीमाशुल्काचा वाटाही मोठा आहे. पूर्ण तयार मोटारसायकल आयात केली तर २०१८ पासून ५० टक्के शुल्क होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यापुढे ३० टक्के झाले. सुटे भाग आणून इथे जुळवल्यास १५ ऐवजी १० टक्के. तयार गाडीवर ४० आणि जुळवणीवर १० हा फरकच कंपनीला सांगतो की बाबा, इथे येऊन बनव.

आता चालू घडीची गोष्ट, आणि ती आमच्या दुकानदारांच्या गल्ल्याशी थेट जोडलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ३५० च्या वर पूर्वी उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० झाला. आता पाहा. एनफिल्डची क्लासिक ३४९ सीसीची, ती रेषेच्या आत. ट्रायम्फ ३९८, केटीएमची ३९० प्रत्यक्षात ३९९, हार्ले ४४०, सगळ्या रेषेबाहेर. ४८-५० सीसीच्या फरकाने कर दुपटीहून अधिक. बजाजने सुरुवातीला हा बोजा स्वतः उचलून किंमत वाढवली नाही. पण कायम कोण उचलणार? चारशे सीसीची गाडी ही परदेशी परवान्यासाठी बनली होती, आणि आपल्या कराची रेषा तिच्या खालून गेली. अशी रेषा आली की कारखाना जागेवर राहतो, पण सिलिंडरचा बोअर किंवा क्रँकचा स्ट्रोक बदलतो. जपानात १९७५ पासून परवान्याची रेषा ४०० सीसीवर होती, म्हणून तिथे चारशे सीसीच्या गाड्यांचे अख्खे कूळ तयार झाले. ज्यांच्याकडे ३९८ आणि ३९९ सीसीच्या पिस्टन-रिंगचा साठा आहे त्यांनी एकदम मोठी खरेदी करू नये, असे आम्हांला वाटते. एक दिलासा असा की त्याच तारखेपासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरचा कर सरसकट १८ टक्के झाला. पूर्वी बहुतेकांवर २८ होता.

चाकणचे सगळेच गोड आहे असे कोणी समजू नये. २०१३ च्या उन्हाळ्याअखेर बजाजच्या चाकण कारखान्यात संप झाला आणि तो सुमारे पन्नास दिवस चालला. कामगारांची एक मागणी होती की कंपनीचे शेअर त्यांना एक रुपया दराने द्यावेत. ती मान्य झाली नाही आणि संप मागे घ्यावा लागला. त्या काळात काही उत्पादन वाळूजला हलवण्याची भाषा झाली होती. दोन-तीन ठिकाणी कारखाने असण्याचा मालकाला हा एक फायदा असतो, तो हिशेबाच्या वहीत कुठे लिहिलेला नसतो. रस्त्यांची कोंडी तर अशी की चाकणच्या चौकात ट्रक अडकला की वेळेवर माल पोहोचवण्याची सारी शिस्त धुळीला मिळते.

आमच्या लेथवाल्या आणि प्रेसवाल्या बांधवांना यातून काय मिळेल? मोठी कंपनी तुमच्याकडून थेट माल घेणार नाही. ती पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडून घेते, तो दुसऱ्या पायरीच्याकडून, आणि डोंबिवली एमआयडीसीतला किंवा भिवंडीचा लहान गाळा लागतो तो तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. बुश, पिन, ब्रॅकेट, स्प्रिंग, जिग-फिक्स्चरची दुरुस्ती अशी ती कामे असतात. वरच्या पायऱ्यांवर आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र मागतात. खाली ते सक्तीचे नसले तरी मापाची नोंदवही आणि गेज तपासल्याचे कागद मागतातच. "माझा हात बसलेला आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आमच्या अनेक उस्तादांचे काम चोख आहे, कागद कच्चे आहेत. एका ओळखीच्या कारागिराचा माल मापात असूनही परत आला, कारण चलानासोबत तपासणीचा कागद नव्हता. दोन दिवसांची मजुरी आणि टेम्पोचे भाडे अंगावर पडले.

पैसे अडकण्याची भीती त्याहून मोठी. इथे केटीएमचेच उदाहरण घ्या. गोदामांत न खपलेल्या गाड्या साचल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीचा अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. म्हणजे ज्याचे शंभर येणे होते त्याला तीस मिळाले. बजाजने ८० कोटी युरोंची जुळवणी करून कंपनी वाचवली आणि २०२५ च्या अखेरीस तिचा ताबा घेतला. पूर्वी भागीदार असलेला पुण्याचा कारखानदार आज मालक आहे, याचा अभिमान वाटावा हे ठीक. पण ज्या लहान पुरवठादाराचे सत्तर बुडाले त्याच्याकडेही पाहावे.

आपल्याकडे कायदा बराच बाजूने आहे, वापरणारे थोडे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. ज्याला व्याज नको त्याने ते सोडावे, मुद्दल तर आपल्या घामाचे आहे. शिवाय प्राप्तिकर कायद्यात २०२४ च्या एप्रिलपासून अशी सोय झाली की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्यांनाच घाई होते. मात्र यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी. ती आधार आणि पॅनवर मोफत होते, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापून घ्या. ही सवलत वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, हे दुकानदारांनी लक्षात ठेवावे.

राहिले गॅरेजवाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. या गाड्यांचा दोष कानाने कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. पण गाडी चाकणला बनत असल्यामुळे चेन सेट, क्लच प्लेट, ऑइल फिल्टर, कोन सेट हे भाग पुण्याहून दोन-तीन दिवसांत येतात. थायलंडच्या साडेसहाशेच्या गाडीला तोच भाग कित्येक आठवडे लागू शकतो आणि तोवर गाडी तुमची जागा अडवून उभी राहते. गाडी कामाला घेण्याआधी ती कोणत्या मजल्याची, हे विचारून घ्यावे. कोपरच्या उस्तादांनी आता भिंतीवर खडूने दोन रकाने आखले आहेत. एकावर 'चाकण', दुसऱ्यावर 'बाहेर'. दुसऱ्या रकान्यातल्या गाडीसाठी ते भागांचे अर्धे पैसे आधी घेतात.